जिंकलं की मोठ्या शहराचं, बिघडलं की उपनगराचं

१२ जुलै १९९८ ची फुटबॉल वर्ल्ड कप फायनल ज्यांनी बघितली त्यांच्या डोळ्यासमोर झिदानचे ते दोन हेडर अजून असतात, दोन्ही कॉर्नरवरून आलेले, दोन्ही हाफटाइमच्या आत, आणि मग अगदी शेवटी पेतीचा तिसरा गोल, फ्रान्स ३ ब्राझील ०. आता ती मॅच कुठे झाली असं कुणालाही विचारा, पॅरिस असंच उत्तर येईल. पण ती पॅरिसमधे झालेलीच नाही. ती झाली सां-दनीमधे, आपण इंग्रजी वळणाने ज्याला सेंट डेनिस म्हणतो तिथे, पॅरिसच्या उत्तरेला अगदी खेटून असलेलं पण वेगळं शहर, वेगळा महापौर, वेगळी नगरपालिका. स्टेडियम त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालं होतं आणि त्याचं नाव ठेवलं स्टाद द फ्रान्स, म्हणजे नावात देश आहे पण ज्या शहराच्या जमिनीवर ते उभं आहे ते शहर कुठेच नाही.

आता त्याच भागातली दुसरी बातमी घ्या. ऑक्टोबर २००५ मधे पोलिसांपासून लपायला विजेच्या सबस्टेशनमधे शिरलेली दोन पोरं शॉक लागून मेली आणि त्यानंतर फ्रान्सभर दंगली पेटल्या, तीन आठवडे गाड्या जळत होत्या. त्या बातमीत मात्र गावाचं नाव अगदी बरोबर होतं, क्लिशी-सू-ब्वा, जगभरच्या पेपरात छापून आलं. तेव्हा कुणी नुसतं पॅरिस म्हणून सोडून दिलं नाही. सां-दनी आणि क्लिशी एकाच जिल्ह्यातली, दोन्ही पॅरिसच्या सावलीतली, पण एकीकडे कप उचलला तर नाव पॅरिसचं आणि दुसरीकडे आग लागली तर नाव उपनगराचं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की हा प्रकार किरकोळ नाही आणि उपनगरी शहरांनी तो मुकाट्याने चालवून घेऊ नये. आपली माणसं कोण, आपले खेळ कुठले, आपल्या खुणेच्या जागा कुठल्या, हे या शहरांनी स्वतः ठरवावं, लिहून ठेवावं, जपावं आणि ठासून सांगावं. त्यासाठी शेकडो कोटींचं स्टेडियम बांधावं असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये, उलट स्टेडियम हा त्यातला सगळ्यात फसवा रस्ता आहे असं माझं मत आहे, त्यावर पुढे येतोच.

उपनगरी शहर म्हणजे मला कुठलं म्हणायचंय ते आधी सांगतो. मोठ्या शहराचा एखादा वॉर्ड मला अभिप्रेत नाही. जिथे स्वतःची पालिका आहे, स्वतःचे कर आहेत, कचरा स्वतः उचलावा लागतो, शाळा स्वतः चालवाव्या लागतात, पण सकाळी निम्मं गाव गाडी पकडून शेजारच्या मोठ्या शहरात कामाला जातं आणि परगावच्या माणसाला पत्ता सांगताना लोक त्या मोठ्या शहराचंच नाव सांगतात, ते. जगभर अशी शहरं आहेत आणि लाखो लोक आयुष्यभर तिथेच राहतात. त्यांना कुणी विचारलं की तुमच्याकडे बघण्यासारखं काय, तर ते बिचारे लाजून म्हणतात काही नाही हो, जवळच अमुक शहर आहे, तिथे जा. हे 'काही नाही हो' मला फार खुपतं, कारण बहुतेक वेळा ते खोटं असतं.

सां-दनीचंच बघा ना. तिथल्या बॅसिलिकामधे फ्रान्सचे जवळजवळ सगळे राजे पुरलेले आहेत. त्याच इमारतीत ॲबट म्हणजे मठाधिपती असलेल्या सुजेने जो नवा भाग बांधून घेतला आणि ११४४ मधे ज्याचं उद्घाटन झालं, तिथून गॉथिक वास्तुकला सुरू झाली असं वास्तुकलेच्या इतिहासात शिकवतात. म्हणजे पॅरिसचं नोत्र दाम ज्या शैलीसाठी जगाला माहिती आहे ती शैली आधी या उपनगरात उभी राहिली, नोत्र दामचं काम त्यानंतर वीसेक वर्षांनी निघालं. आणि तरीही २०२२ ची चॅम्पियन्स लीग फायनल तिथे होणार होती तेव्हा फ्रान्सचा नावाजलेला फुटबॉलपटू थिएरी हेन्रीसारखा माणूस टीव्हीवर बोलून गेला की मॅच पॅरिसमधे नाही सां-दनीमधे आहे, आणि सां-दनीत असावं असं तुम्हाला वाटणार नाही. हेन्री स्वतः पॅरिसच्या दक्षिणेकडच्या ले-झ्युलिस नावाच्या अशाच एका उपनगरात वाढलेला. सां-दनीचे लोक चिडले आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. मला हेन्रीवर राग धरायचा नाही, त्याने फक्त सगळे मनात म्हणतात ते तोंडाने म्हटलं, पण ज्या पोराच्या पायात फुटबॉल उपनगराने दिला त्याच्याच तोंडी हे यावं म्हणजे ही सवय किती खोल गेली आहे ते कळतं.

आता 'आपली माणसं' या मुद्द्यावर येऊ, कारण यादी करायला बसलं की पहिलं भांडण इथेच होतं. अमका आपला कसा, तो तर जन्मला दुसरीकडे. किलियन एमबाप्पे डिसेंबर १९९८ मधे पॅरिसमधे जन्मला हे खरं आहे. पण तो वाढला बोंदीमधे, सां-दनी आणि क्लिशी ज्यात येतात त्याच ९३ नंबरच्या जिल्ह्यात, वडील ए एस बोंदी क्लबमधे कोच होते, आई हँडबॉल खेळायची, आणि क्लबच्या मैदानापासून घर इतकं जवळ की पोरगं तिथेच पडीक असायचं. २०१८ ला १९ वर्षांचा असताना त्याने वर्ल्ड कप फायनलमधे गोल मारला. आर्सेनलकडून खेळणारा विल्यम सालिबाही बोंदीचाच, त्याच ए एस बोंदी क्लबचा. मग जन्मदाखल्यावर काय लिहिलंय ते धरायचं की मैदान कुठलं होतं ते धरायचं? माझं उत्तर सरळ आहे, ज्या गावाने त्याला ते शिकवलं ज्यासाठी आज जग त्याला ओळखतं, ते त्याचं गाव. जन्मस्थळाची अट उपनगरांवर मुळातच अन्याय करणारी आहे कारण मोठी हॉस्पिटलं मोठ्या शहरात असतात, बाळंतपणाला आई तिथे जाते, दोन दिवसांनी घरी येते आणि कागदोपत्री सगळं श्रेय त्या दोन दिवसांच्या गावाला.

सेरेना विल्यम्सचं तर अजून स्पष्ट आहे. ती जन्मली मिशिगनमधल्या सॅगिनॉमधे, मोठी बहीण व्हीनस लिनवुडमधे, पण दोघी टेनिस शिकल्या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर, बापाच्या हाताखाली. कॉम्प्टनचं नाव ८० च्या दशकाच्या शेवटी रॅप संगीतामुळे आणि गँगच्या बातम्यांमुळे इतकं बदनाम झालं की शेजारच्या काही शहरांनी आपल्या हद्दीतल्या कॉम्प्टन बुलेवार्डचं नावच बदलून टाकलं. एकच सलग रस्ता, पण हद्द ओलांडली की पाटी वेगळी, का तर नाव नको. आणि त्याच कॉम्प्टनमधून टेनिसच्या इतिहासातल्या दोन सगळ्यात मोठ्या खेळाडू आल्या. २०१६ मधे शहराने एका पार्कमधल्या कोर्टांना या दोघींचं नाव दिलं. व्हीनसने पहिलं विम्बल्डन २००० मधे जिंकलं, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली. ती सोळा वर्षं कॉम्प्टनच्या पोरांनी रस्त्याच्या बदललेल्या पाट्या पाहिल्या पण आपल्या कोर्टावर आपल्या चॅम्पियनची पाटी पाहिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं आता खेळाकडे, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण मला जे शहर आदर्श वाटतं ते इथे येतं. १९९२ चं बार्सिलोना ऑलिम्पिक, अमेरिकेची बास्केटबॉलची ड्रीम टीम, जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड सगळे एका टीममधे, फायनलला क्रोएशियाला ११७-८५ असं धुतलं. ही मॅचसुद्धा बार्सिलोनात झालेली नाही. ती झाली बादालोनामधे, बार्सिलोनाच्या ईशान्येला समुद्राला लागून असलेलं वेगळं शहर, लोकसंख्या दोन लाखांच्या वर. बास्केटबॉल तिथेच का नेलं? कारण बादालोना हे बास्केटबॉलचंच गाव आहे. जुवेन्तुत नावाचा क्लब तिथे १९३० पासून आहे, लोक त्याला प्रेमाने पेन्या म्हणतात, म्हणजे आपली मित्रमंडळी, आपला कट्टा अशा अर्थाचा शब्द. या क्लबने १९९४ मधे युरोपचं विजेतेपद मिळवलं, तेल अवीवला ओलिम्पियाकोसला ५९-५७ हरवून, शेवटच्या क्षणांत कॉर्नी थॉम्पसनने तीन पॉइंटचा बास्केट टाकला म्हणून. आणि शेजारच्या बार्सिलोना क्लबने, त्या जगप्रसिद्ध, अफाट पैसेवाल्या क्लबने बास्केटबॉलमधलं युरोपचं पहिलं विजेतेपद कधी मिळवलं? २००३ मधे. उपनगराच्या नऊ वर्षांनंतर.

आता कुणी म्हणेल हा एखादा चमत्कार असेल, लागला मटका. तसं नाहीये. जोर्दी व्हियाकाम्पा नावाचा खेळाडू १९८० ते १९९७ सगळी कारकीर्द याच क्लबमधे खेळला, कुठे गेला नाही. रिकी रुबियो, जो पुढे अमेरिकेत एनबीएमधे गेला, तो शेजारच्याच एल मास्नोऊ गावचा, तो २००५ मधे १४ वर्षांचा असताना याच क्लबकडून स्पेनच्या वरिष्ठ लीगमधे उतरला, तोवरचा त्या लीगमधला सगळ्यात लहान खेळाडू. रुडी फर्नांडेझ पण इथूनच वर आला. म्हणजे पोरं घडवायची, काही जातील, जाऊ देत, पुढची बॅच तयार ठेवायची, हे तिथे पिढ्यान पिढ्या चालू आहे. ऑलिम्पिकसाठी बांधलेला हॉल ऑलिम्पिकनंतर धूळ खात पडला नाही कारण तिथे खेळणारा क्लब आधीपासून होता, हॉल त्या क्लबचं घर झाला. मला वाटतं सगळा मुद्दा या क्रमात आहे. आधी खेळणारं गाव होतं, मग इमारत आली.

उलटा क्रम केला की काय होतं ते टेक्ससमधे बघायला मिळतं. डॅलस काउबॉइज ही अमेरिकन फुटबॉलमधली सगळ्यात श्रीमंत टीम, आणि ही टीम १९७१ पासून डॅलस शहरात घरचे सामने खेळतच नाही. आधी गेली अर्विंगला, ते वेगळं उपनगर, तिथे टेक्सस स्टेडियममधे २००८ पर्यंत राहिली, मग २००९ ला आर्लिंग्टनला गेली, ते अजून वेगळं. नाव मात्र पहिल्या दिवसापासून डॅलस. आर्लिंग्टनच्या लोकांनी २००४ मधे मतदान करून आपल्यावर विक्रीकर अर्धा टक्का वाढवून घेतला, हॉटेलांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर वेगळा कर, आणि शहराने या स्टेडियमसाठी ३२.५ कोटी डॉलर उभे केले. कर आर्लिंग्टनचा, जमीन आर्लिंग्टनची, मॅचच्या दिवशीचा ट्रॅफिक आर्लिंग्टनचा, जर्सीवर नाव डॅलस. २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या नऊ मॅच याच स्टेडियमला दिल्या आणि यजमान शहर म्हणून नाव लागलं परत डॅलसचंच. आणि ज्या शहराने हे केलं ते वर्षानुवर्षं अमेरिकेतलं सार्वजनिक बससेवा नसलेलं सगळ्यात मोठं शहर म्हणून ओळखलं जायचं, लोकांनी बससेवेसाठीचा कर मतदानात एकदा नाही अनेकदा नाकारला होता. जवळपास चार लाख वस्तीच्या गावात ठरलेल्या मार्गांवर धावणारी शहर बससेवा नाही पण ८० हजार लोकांचं छत उघडणारं स्टेडियम आहे, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

आणि अर्विंगचं काय झालं? टीम गेल्यावर दीड वर्षात, एप्रिल २०१० मधे टेक्सस स्टेडियम सुरुंग लावून पाडलं. सदतीस वर्षं जे शहराची खूण होतं ते काही सेकंदांत खाली. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडची गोष्ट वेगळी आहे पण वळण तेच. लॉस एंजेलिस लेकर्स ही बास्केटबॉल टीम १९६७ पासून इंगलवुडच्या फोरम नावाच्या हॉलमधे खेळायची, ८० च्या दशकातली पाच विजेतेपदं तिथली आहेत, पण १९९९ ला टीम उठून लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनला गेली आणि पुढच्या वर्षी फोरम एका चर्चने विकत घेतलं. आता परत तिथे सोफाय स्टेडियम आलंय २०२० ला, क्लिपर्स या दुसऱ्या बास्केटबॉल टीमचा नवा हॉल आलाय २०२४ ला, लाखभर वस्तीच्या गावात तीन अवाढव्य इमारती आणि तिथे खेळणाऱ्या तिन्ही टीमच्या नावात लॉस एंजेलिस. भाड्याने आलेली टीम कधीतरी जाणारच, ती जाते तेव्हा आपल्याकडे काय उरतं हा प्रश्न करारावर सही करायच्या आधी विचारायला हवा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आर्लिंग्टनला आपलं म्हणावं असा माणूस होता, टॉम व्हँडरग्रिफ. १९५१ मधे वयाच्या २५ व्या वर्षी महापौर झाला तो १९७७ पर्यंत राहिला, छोट्याशा गावात जनरल मोटर्सचा कारखाना आणला, सिक्स फ्लॅग्ज पार्क त्याच्या काळात १९६१ मधे आलं, आणि वॉशिंग्टनची बेसबॉल टीम तो कित्येक वर्षं पाठपुरावा करून १९७२ ला घेऊन आला. त्या टीमचं नाव टेक्सस रेंजर्स ठेवलं, त्यात निदान डॅलस तरी नाही. २०२३ ला ही टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे बाहेरून टीम आणणं कायमच चूक असं मी म्हणू शकत नाही, पन्नास वर्षं एकाच गावात राहिली तर ती टीम त्या गावाची होते. पण मला आर्लिंग्टनच्या शाळेत शिकवायला मिळालं तर मी काउबॉइजपेक्षा व्हँडरग्रिफबद्दल आधी सांगेन, कारण पंचविशीतल्या एका पोराने आपल्या गावाला दुसऱ्या शहराची शेपटी होऊ द्यायचं नाकारलं ही गोष्ट त्या वर्गातल्या पोरांच्या कामाची आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलका समजत नाही. लोक म्हणतात की अहो मोठं शहर आणि उपनगर हे एकच आर्थिक शरीर आहे, लोक इथे झोपतात तिथे कमावतात, मग नावासाठी एवढी ओढाताण कशाला, मोठ्या नावाचा फायदा छोट्यालाही होतोच की. थोडा होतो, मान्य आहे. स्टेडियमच्या नावाने मेट्रो येते, रस्ते होतात, सां-दनीला २०२४ च्या ऑलिम्पिकमुळे पोहण्याचा नवा तलाव मिळाला, आणि ज्या जिल्ह्यात मुलांना पोहायला तलाव अपुरे आहेत ही जुनी तक्रार होती तिथे हे मोठं काम झालं. पण नाव आणि पैसा यांची गाठ त्यांना वाटते त्यापेक्षा घट्ट असते. म्युझियमला अनुदान मागताना, जुनी इमारत वाचवताना, क्लबला मैदान मागताना समोरचा पहिला प्रश्न विचारतो की तुमच्याकडे असं काय आहे? ज्या शहराने आपलं काय आहे ते कधी लिहूनच ठेवलं नाही त्याचा अर्ज तिथेच अडकतो. न्यू जर्सीने हे ओळखलं. ईस्ट रदरफर्ड हे जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव, न्यूयॉर्क जायंट्स आणि न्यूयॉर्क जेट्स दोन्ही टीम तिथे खेळतात, पण २०२६ च्या वर्ल्ड कपची फायनल तिथल्या स्टेडियमला मिळाली तेव्हा यजमानाचं नाव न्यूयॉर्क न्यू जर्सी असं जोडूनच लागलं. गावाचं नाव नाहीच, पण निदान राज्याचं तरी लागलं.

नवी मुंबईचा अनुभव यात मला चांगला वाटतो. २ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर झाली, शफालीच्या ८७ धावा, दीप्तीच्या पाच विकेट, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या बायकांनी पहिल्यांदा कप जिंकला. स्कोअरकार्डवर ठिकाण नवी मुंबई असंच लिहिलंय, मुंबई नाही. तिकडच्या पोरींना उद्या सांगता येईल की कप आपल्या गावात उचलला गेला, आणि ते कागदावर आहे. एक शब्द जास्त लिहायला असा किती खर्च येतो?

खुणेच्या जागांबद्दल बोलताना परत बादालोनाला जातो. तिथल्या किनाऱ्यावर समुद्रात आत गेलेला एक लांब धक्का आहे, पोंत देल पेत्रोली, म्हणजे पेट्रोलचा पूल. जहाजातून तेल उतरवायला १९६० च्या दशकात बांधलेला, अगदी कामाचा, देखणा वगैरे नाही. त्याचं काम संपल्यावर तो पाडायचं ठरत होतं. एका पाणबुड्याने लोकांना सांगायला सुरुवात केली की खांबांखाली पाण्यात केवढं जीवन वसलंय ते बघा, मोहीम उभी राहिली, धक्का वाचला आणि २००९ मधे लोकांना चालायला खुला झाला. जानेवारी २०२० च्या वादळात त्याचा काही भाग मोडला तर शहराने तो दुरुस्त करून घेतला. आज बादालोनाचा फोटो म्हटलं की हाच धक्का. कुणी नेमलेला आर्किटेक्ट नाही, भव्य डिझाइन नाही, गावातल्या लोकांनी ठरवलं की हे आपलं आहे आणि ते झालं. मला लँडमार्क या शब्दाचा अर्थ इथे सगळ्यात नीट कळतो.

आणि न ठरवलं तर काय होतं ते हॉथॉर्नला कळलं. बीच बॉइज हा बँड ज्या घरातून निघाला ते विल्सन भावांचं घर या लॉस एंजेलिसजवळच्या उपनगरात होतं. ८० च्या दशकात फ्रीवेसाठी ते पाडलं. मग २००५ मधे त्या जागी विटांचं स्मारक बांधलं. स्मारक चांगलंय, लोक फोटो काढतात, पण ज्या खोलीत पोरं गाणी बसवत होती ती खोली गेली ती गेलीच. याउलट शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कने प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं घर आणि स्टुडिओ वाचवला, १९७४ मधे त्यासाठी संस्था काढली आणि वर्षानुवर्षं खपून ते १९०९ मधे होतं तसं परत उभं केलं. १९०९ च का, तर त्या वर्षी राइट बायकापोरांना सोडून एका क्लायंटच्या बायकोबरोबर निघून गेला होता, गावात तेव्हा केवढी छी थू झाली असेल. तरी गावाने त्याचं काम आपलं मानलं. त्याने तिथे बांधलेलं युनिटी टेंपल २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नामवंत माणूस सज्जन असलाच पाहिजे असा हट्ट धरला की यादी रिकामी राहते, आणि त्याचे दोष झाकले की यादी खोटी होते, ओक पार्कला या दोन्हींतून वाट काढता आली.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सॅल्फर्ड आहे. मँचेस्टरला चिकटलेलं, मधे फक्त एक नदी, आणि कायम मँचेस्टरच्या नावाखाली दबलेलं. तिथे एल. एस. लाउरी नावाचा चित्रकार राहायचा, जन्म शेजारच्या स्ट्रेटफर्डचा पण चाळीसेक वर्षं राहिला पेंडलबरीला, सॅल्फर्डच्या अंगणातच. नोकरी घरभाडं वसूल करायची, १९५२ ला रिटायर होईपर्यंत तीच केली, दिवसभर गल्ल्यांतून पायी फिरायचा आणि रात्री त्याच गल्ल्या, गिरण्या, काडीसारखी माणसं रंगवायचा. लंडनला त्याचं फार कौतुक नव्हतं तेव्हा, म्हणजे १९३६ पासून, सॅल्फर्डच्या म्युनिसिपल गॅलरीने त्याची चित्रं घ्यायला सुरुवात केली. फार पैसे नव्हते, एकेक करत घेत गेले. २००० मधे सॅल्फर्डच्या जुन्या गोदीवर 'द लाउरी' नावाचं मोठं कलाकेंद्र उघडलं तेव्हा त्यात लावायला शेकडो चित्रांचा संग्रह तयार होता, जगातला सगळ्यात मोठा लाउरी संग्रह, कारण चौसष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी पालिकेत बसून म्हणालं होतं की हा आपला माणूस आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरमधे लाउरीचं एक चित्र लिलावात आलं. बोल्टनच्या मैदानाकडे मॅच बघायला निघालेली गर्दी, १९५३ चं चित्र, म्हणजे उपनगर, खेळ आणि माणसं सगळं एकाच कॅनव्हासवर. आधीच्या मालकांनी ते वर्षानुवर्षं सॅल्फर्डच्या केंद्रात लोकांना बघायला ठेवलं होतं आणि आता ते कुणा खाजगी श्रीमंताच्या भिंतीवर जाईल अशी भीती होती. सॅल्फर्डच्या महापौराने उघड मागणी केली, एका धर्मादाय संस्थेने देणगी दिली आणि कलाकेंद्राने ते ७८ लाख पौंडांना विकत घेतलं. चित्र परत तिथेच लागलं. ज्या शहराकडे १९३६ पासूनचा संग्रह नसता त्याने ही मागणी कशाच्या जोरावर केली असती?

म्हणून उपनगरी पालिकांकडे माझी मागणी फार मोठी नाहीये. गावातल्या क्लबांचे जुने स्कोअर, टीमचे फोटो, मैदानांचे नकाशे एका खोलीत आणा आणि ती खोली लोकांना उघडी ठेवा. जो खेळ गावात आपोआप खेळला जातो त्यालाच आधी मैदान, दिवे आणि कोच द्या, भले तो टीव्हीवर दिसत नसेल. ज्या कोर्टावर, ज्या रिंगणात कुणी घडलं तिथे पाटी लावा आणि ती माणसं जिवंत असताना लावा, कॉम्प्टनसारखी सोळा वर्षं थांबू नका. बाहेरची मोठी टीम किंवा मोठी स्पर्धा येत असेल तर करारात एक कलम घाला की ठिकाण म्हणून आमच्या शहराचं नाव स्क्रीनवर, तिकिटावर आणि निकालपत्रकावर येईल, नाहीतर आमच्या करदात्यांचा पैसा मिळणार नाही. हे कलम घालायची ताकद त्यांच्याकडे असते, सही व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत असते, नंतर नसते.

२०२८ च्या ऑलिम्पिकमधे पोहण्याच्या शर्यती सोफाय स्टेडियममधे, फुटबॉलच्या मैदानावर तलाव बसवून होणार असं ठरलंय, आणि बास्केटबॉल तिथून जवळच क्लिपर्सच्या नव्या हॉलमधे. दोन्ही जागा इंगलवुडच्या आहेत. पदक देताना खाली ठिकाण म्हणून काय लिहून येतंय त्याकडे मी तरी लक्ष ठेवून बसणार आहे.